घर शांत आहे, पण जिना कसा आहे?

परदेशी राहणाऱ्या मुलांकडे तीन महिन्यांसाठी निघालेले ज्येष्ठ रुग्ण प्रवासाआधी दवाखान्यात येतात, तेव्हा त्यांचे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. रक्तदाबाच्या गोळ्या किती न्याव्यात? विमानात पाय सुजू नयेत म्हणून काय करावे? तिथली थंडी सोसेल का? गेल्या काही वर्षांत या प्रवासांमध्ये नेदरलँड्सचे नाव वारंवार कानी येते. आम्स्टरडॅमला लागून असलेले आम्स्टेलवीन, दक्षिणेकडील आइंडहोवन आणि त्याला खेटून असलेले फेल्डहोवन येथे संगणक आणि चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या उद्योगांत अनेक मराठी तरुण कुटुंबे स्थिरावली आहेत. मुलाने नवे घर भाड्याने घेतल्याचे सांगत आईवडील कौतुकाने मोबाइलवरची छायाचित्रे दाखवतात. विटांच्या दुमजली घरांची नेटकी रांग, पुढे हातभर बाग, निर्मनुष्य रस्ता. "वस्ती अगदी शांत आहे हो डॉक्टर, शेजारीपाजारी सगळे आमच्याच वयाचे," असे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान असते. त्या वेळी मी एकच प्रश्न विचारते, "जिना कसा आहे?"

हा प्रश्न ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटते. छायाचित्रांत स्वयंपाकघर असते, बाग असते, नातवाची खोली असते. जिना मात्र नसतो. आजचा लेख या न काढलेल्या छायाचित्राविषयी आहे. मुलाकडे जाणाऱ्या ज्येष्ठांनी तो वाचावाच, पण तिकडे घर शोधत असलेल्या मुलामुलींनाही तो अवश्य पाठवावा. शांत वस्ती वृद्धांना मानवते, यात शंका नाही. मात्र तेवढ्याने ती सुरक्षित ठरत नाही. तिथली वैद्यकीय आणि सामाजिक व्यवस्था चांगली आहे, पण ती आपण होऊन दार ठोठावत नाही. तिला हाक मारावी लागते, आणि ती कशी मारायची हे गरज पडण्याआधी ठाऊक असावे लागते.

ही वस्ती म्हातारी कशी झाली?

दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समध्ये घरांची तीव्र टंचाई होती. १९५० ते १९८० या काळात शहरांच्या कडेने नव्या वस्त्या मोठ्या प्रमाणावर उभ्या राहिल्या. एकाला एक चिकटलेली दोन-अडीच मजली घरे, मागेपुढे बाग, जवळ शाळा आणि छोटा बाजार, अशी त्यांची रचना. त्या काळी जी तरुण जोडपी लहान मुलांना घेऊन तेथे राहायला आली, ती आज पंचाहत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. मुले केव्हाच बाहेर पडली. आईवडील त्याच घरात राहिले.

याला सरकारी धोरणाचीही जोड मिळाली. वृद्धांनी शक्य तितकी वर्षे आपल्याच घरी राहावे, अशी तेथील दिशा आहे. पूर्वीचे साधे वृद्धाश्रम गेल्या दशकात बहुतांशी बंद झाले किंवा त्यांचे रूप पालटले. ज्यांना अहोरात्र शुश्रूषा लागते, त्यांनाच आता संस्थेत जागा मिळते. त्यामुळे एखाद्या रस्त्यावर ओळीने पाच-सहा घरांत एकेकटी वृद्ध माणसे राहत असणे, हे तेथे नवलाचे नाही. अशा रांगेतले एखादे घर भाड्यासाठी मोकळे होते आणि तेथे आपल्याकडचे तरुण कुटुंब राहायला जाते.

आज तेथे घरांची टंचाई पुन्हा तीव्र आहे. अनुदानित भाड्याच्या घरांसाठी अनेक वर्षे वाट पाहावी लागते आणि खुल्या बाजारात एकेका घरासाठी चढाओढ असते. तेव्हा मुलांनी मिळाले ते घर घेतले, तर त्यांना दोष देता येणार नाही. घर मनाजोगते निवडता आले नाही, तरी ते वृद्धांना साजेसे करून घेता येते. त्यासाठी कोठे पाहायचे, एवढेच ठाऊक हवे.

जिना, शौचालय आणि रात्रीचे तीन

जुन्या डच घराचा जिना अरुंद आणि चढा असतो. घराची रुंदी कमी, म्हणून जिन्याने कमीत कमी जागा घ्यावी असा हिशोब. पायऱ्या उंच, पाऊल ठेवायची जागा आखूड, आणि वळणावर तर पायरी एका बाजूला निमुळती होत जाते. झोपण्याच्या खोल्या आणि न्हाणीघर बहुधा वरच्या मजल्यावर असते. कपडे धुण्याचे यंत्र अनेकदा त्याहून वर, पोटमाळ्यावर. जिन्याला डच भाषेत 'ट्राप' म्हणतात. इंग्रजी जाणणाऱ्या वाचकांना या योगायोगाचे हसू येईल, पण गुडघेदुखीच्या रुग्णाला त्यात विनोद वाटणार नाही.

आता आपली प्रकृती या घराशी जुळवून पाहा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे, किंवा प्रोस्टेटचा त्रास आहे, किंवा मधुमेह आहे. रात्री दोन-तीन वेळा उठावे लागते. काही घरांत शौचालय केवळ तळमजल्यावर असते. म्हणजे रात्री तीन वाजता, अर्धवट झोपेत, पायात मोजे असताना हा जिना उतरायचा आणि पुन्हा चढायचा. अंथरुणातून एकदम उठल्यावर रक्तदाब क्षणभर खाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. साठीनंतर हे सर्रास घडते. समोर चढा जिना असेल, तर त्या एका क्षणाची किंमत खुब्याच्या हाडाने मोजावी लागते.

म्हणून पुढील गोष्टी पहिल्याच आठवड्यात कराव्यात.

जिन्याच्या दोन्ही बाजूंना कठडा असावा. बहुतेक ठिकाणी तो एकाच बाजूला असतो. चढण्यापेक्षा उतरणे अधिक धोक्याचे, हे लक्षात ठेवावे. उतरताना हातात काहीही धरू नये, चहाचा कपसुद्धा नाही. लाकडी पायरीवर मोजे घालून चालू नये. मागून बंद असलेली, न घसरणाऱ्या तळाची चप्पल घालावी. साडी किंवा लांब गाऊन उतरताना पायात येतो, त्यामुळे घरात आखूड पोशाख बरा. अंथरुणापासून शौचालयापर्यंत रात्रभर मंद दिवा हवा. उठल्यावर अंथरुणाच्या कडेला दोन मिनिटे बसून मगच उभे राहावे. वर शौचालय नसेल, तर आईवडिलांचे अंथरूण सरळ खालच्या बैठकीच्या खोलीत घालावे. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. खोलीत कमोडची खुर्ची ठेवण्याचाही संकोच करू नये.

आणखी एक नाजूक विषय. तेथील शौचालयात पाण्याचा नळ किंवा जेट नसतो, आणि जमिनीवर पाणी वाहून जाण्याची सोयही नसते. आपली मंडळी मगमधून किंवा बाटलीतून पाणी नेतात, ते गुळगुळीत फरशीवर सांडते, आणि मग पाय घसरतो. बाजारात निमुळत्या तोंडाची, दाबून वापरायची प्लास्टिकची बाटली मिळते. ती येथूनच सोबत न्यावी. न्हाणीघरात अंघोळीचे टब असेल, तर त्याच्या काठावरून पाय उचलून आत जाणे टाळावे. शॉवरखाली प्लास्टिकचे स्टूल ठेवून बसून अंघोळ करावी आणि टेकायला भिंतीवर पक्की दांडी बसवून घ्यावी.

भाड्याच्या करारातले आरोग्य

घराच्या जाहिरातींत तीन शब्द वारंवार दिसतात. 'काल' म्हणजे उघडे घर. त्यात जमिनीवरचे आच्छादन, पडदे, कधी कधी दिवेही नसतात. 'खेस्टॉफेर्ट' म्हणजे जमिनीचे आच्छादन आणि पडदे असलेले. 'खेम्युबिलेर्ट' म्हणजे सामानासह. उघडे घर घेतले, तर जिन्यावर काय घालायचे हे भाडेकरूच्या हाती राहते. अशा वेळी दिसायला सुंदर, गुळगुळीत आच्छादनाऐवजी पायरीला घट्ट चिकटणारे, न घसरणारे आच्छादन निवडावे आणि प्रत्येक पायरीची कड वेगळ्या रंगाने ठळक करावी. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना त्याचा फार उपयोग होतो. 'खेलाइकव्लूर्स' हा चौथा शब्दही लक्षात ठेवावा. सर्व खोल्या एकाच पातळीवर आहेत, असा त्याचा अर्थ. आईवडील दरवर्षी येणार असतील, तर बाग असलेल्या दुमजली घरापेक्षा असे घर किंवा लिफ्ट असलेल्या इमारतीतले घर अधिक सोयीचे ठरते.

१ जुलै २०२४ पासून नेदरलँड्समध्ये नवे भाडेकरार सर्वसाधारणपणे बेमुदत करावे लागतात. ठरावीक मुदतीचे करार काही अपवादांपुरते उरले आहेत. अनामत रक्कमही १ जुलै २०२३ नंतरच्या करारांत दोन महिन्यांच्या मूळ भाड्याहून अधिक घेता येत नाही. डॉक्टरने हे का सांगावे, असे वाटेल. पण घर काही वर्षे आपल्याकडे राहणार असेल, तर दुसरा कठडा आणि न्हाणीघरातली दांडी यांवरचा खर्च वाया जात नाही. घरमालकाची लेखी परवानगी तेवढी घ्यावी. मुलांनी आणखी एक गोष्ट पाहावी. या पत्त्यावर नगरपालिकेत नाव नोंदवता येणार नाही, असे घरमालक म्हणाला, तर ते घर घेऊ नये. तेथील नागरिक क्रमांक, आरोग्यविमा आणि डॉक्टरकडची नोंदणी या सर्व गोष्टी त्या नोंदीला बांधलेल्या आहेत.

घराला 'ए' पासून 'जी' पर्यंत ऊर्जेची श्रेणी असते. जुन्या घरांत ती खालची असू शकते, म्हणजे उष्णता लवकर बाहेर निसटते. गॅसचे बिल वाचवण्यासाठी मुले दिवसा तापमान कमी करून कामावर जातात, आणि मुलाचा खर्च वाढू नये म्हणून आईवडील तीन स्वेटर घालून गप्प बसतात. हे गप्प बसणे मला दवाखान्यात अनेकदा ऐकायला मिळाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने थंड प्रदेशांतील घरांसाठी किमान १८ अंश सेल्सिअस तापमान सुचवले आहे, आणि वृद्धांना त्याहून थोडे अधिक लागू शकते. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो, दमा आणि सांधेदुखी बळावते. त्यामुळे या बाबतीत काटकसर नको, आणि संकोच तर मुळीच नको.

दुसरी तक्रार ओलाव्याची. बंद घरात कपडे वाळवणे आणि आपला वाफेचा, फोडणीचा स्वयंपाक यांमुळे भिंतींवर बुरशी धरते. दम्याच्या रुग्णाला तिचा त्रास होतो. थंडी असली, तरी दिवसातून एकदा दहा-पंधरा मिनिटे खिडक्या उघडाव्यात आणि स्वयंपाक करताना हवा बाहेर फेकणारा पंखा चालू ठेवावा. २०२२ पासून तेथे प्रत्येक राहत्या मजल्यावर धूर ओळखणारी घंटा सक्तीची आहे. मोहरी तडतडताच ती कर्कश वाजू लागते आणि बेसावध माणूस घाबरून धावतो. ती कशी बंद करायची, हे पहिल्याच दिवशी शिकून घ्यावे.

उन्हाळाही सौम्यच असतो, असे समजू नये. २५ जुलै २०१९ रोजी गिल्झे-रायेन येथे ४०.७ अंश तापमान नोंदवले गेले. ही घरे थंडीसाठी बांधलेली. छताला पंखा नसतो, वातानुकूलन क्वचितच असते, आणि पोटमाळ्याची खोली भट्टीसारखी तापते. अशा दिवसांत खालच्या मजल्यावर राहावे, पडदे दिवसा ओढून घ्यावेत, आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांच्या मात्रेबाबत आपल्या डॉक्टरांशी फोनवर बोलावे.

'हाउसआर्ट्स' म्हणजे कोण?

हा शब्द ऐकून मला आनंद होतो, कारण त्याचा शब्दशः अर्थ 'घरचा डॉक्टर'. आपल्याकडे हळूहळू लोप पावत चाललेला फॅमिली डॉक्टर तेथील आरोग्यव्यवस्थेचा पाया आहे. प्रत्येक रहिवाशाने घराजवळच्या अशा डॉक्टरकडे नाव नोंदवायचे असते. तातडीचे प्रसंग सोडल्यास त्याच्या चिठ्ठीवाचून तज्ज्ञाकडे जाता येत नाही. मात्र अनेक ठिकाणी डॉक्टरांची यादी भरलेली असते आणि नवे रुग्ण घेतले जात नाहीत. म्हणून घराचा करार करण्याआधीच मुलांनी परिसरातील दोन-तीन डॉक्टरांकडे चौकशी करावी. तेथे वास्तव्य असणाऱ्या प्रौढांना मूलभूत आरोग्यविमा सक्तीचा आहे. त्यात वर्षाला ३८५ युरोपर्यंतचा खर्च प्रथम स्वतः करावा लागतो, पण घरच्या डॉक्टरकडील भेटीला ही अट लागू नाही.

तीन महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांना हा विमा मिळत नाही. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत कमाल ९० दिवस राहता येते, आणि त्यासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो. त्यात आधीपासूनच्या आजारांविषयी काय लिहिले आहे, ते शब्द न् शब्द वाचावे. पाहुणा रुग्ण म्हणून जवळच्या डॉक्टरकडे फोन करून वेळ घेता येते. फी भरावी लागते, तिची पावती जपून ठेवावी. संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी विभागाचे एक सामाईक केंद्र चालते. तेथेही थेट जायचे नसते, आधी फोन करायचा असतो. फोनवर प्रश्न विचारून तातडी ठरवली जाते. ही टाळाटाळ नव्हे. तेथील शिस्तच तशी आहे.

मात्र छातीत दुखणे, श्वास लागणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही झाले, तर मुलगा घरी येण्याची वाट पाहू नये. ११२ हा क्रमांक लावावा. इंग्रजीत बोललेले चालते. तेथील पत्त्याची एक सोय फार उपयोगी आहे. चार अंक आणि दोन अक्षरे मिळून पिनकोड होतो, आणि तो व घरक्रमांक एवढे सांगितले की नेमके घर सापडते. हे दोन्ही आकडे मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवावेत आणि पाठ करावेत. त्यांचीच एक चिठ्ठी फिरायला जाताना खिशात ठेवावी. एकसारख्या घरांच्या एकसारख्या रांगा असतात. स्मरणशक्ती किंचित उणावलेला माणूस तिसऱ्या वळणावर गोंधळतो. रस्ता ओलांडताना सायकलींचा मार्ग वेगळा असतो, बहुधा लाल रंगाचा. त्यावर उभे राहून गप्पा मारू नयेत. विजेच्या सायकली वेगाने आणि आवाज न करता येतात.

औषधे संपूर्ण मुक्कामाची, वर पंधरा दिवसांची अधिक, हातातल्या बॅगेत न्यावीत. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे. आपल्या कंपन्यांची नावे तेथे कोणी ओळखत नाही. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम अशा गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांचे इंग्रजी पत्र सोबत ठेवावे आणि लागणाऱ्या कागदपत्रांची चौकशी निघण्यापूर्वीच करावी, कारण ती औषधे तेथे नियंत्रित यादीत आहेत. आणि सर्दी-तापासाठी केवळ पॅरासिटामॉल देऊन डॉक्टरांनी परत पाठवले, तर रागावू नये. गरज नसताना प्रतिजैविक न देणे ही चांगली वैद्यकी आहे.

शांततेचा तिसरा आठवडा

पहिला आठवडा नवलाईचा असतो. दुसऱ्यात बाग, नातवंडे, फेरफटका. तिसऱ्या आठवड्यात मला फोन येऊ लागतात: झोप नाही, भूक नाही, पोटात वायू धरतो, डोके जड वाटते. तपासणीत काही सापडत नाही. अशा वेळी मी दिवसाचा कार्यक्रम विचारते. मुलगा-सून सकाळी साडेआठला बाहेर पडतात, नातू शाळेत, सगळे परततात संध्याकाळी सहाला. मधल्या साडेनऊ तासांत भाजीवाल्याची हाक नाही, वॉचमन नाही, दारावर घंटा नाही. आपल्या पिढीला मन उदास आहे असे म्हणता येत नाही. ते काम पोट आणि डोके करतात. वृद्धांतील नैराश्य अनेकदा शारीरिक तक्रारींच्या रूपातच प्रथम दिसते, आणि घरच्यांनी ते ओळखले पाहिजे.

त्यात प्रकाशाचा खेळ. जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, तर डिसेंबरमध्ये दुपारी साडेचारलाच अंधारून येते. उन्हाळ्यात शयनगृहाला जाड, काळोख करणारे पडदे हवेत आणि झोपेची वेळ घड्याळावर ठरवावी. हिवाळ्यात दुपारच्या उजेडात रोज अर्धा तास बाहेर फिरावे. तेथील आरोग्य परिषद सत्तरीपुढील सर्वांना रोज २० मायक्रोग्रॅम, म्हणजे ८०० युनिट 'ड' जीवनसत्त्व घेण्याचा सल्ला देते. येथून साठ हजार युनिटची साप्ताहिक मात्रा चालू असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यात भर घालू नये.

माझ्या एका रुग्णाचे उदाहरण सांगते. वय ७२, निवृत्त शिक्षिका, मुलीकडे राहायला गेलेल्या. घर असेच, शांत रस्त्यावरचे. एका सकाळी अकराच्या सुमारास धुतलेले कपडे घेऊन जिना उतरताना त्या शेवटच्या तीन पायऱ्यांवरून पडल्या. मांडीचे हाड मोडले नव्हते, पण घोटा मुरगळला आणि कंबरेला मार बसल्यामुळे उठता येईना. फोन वरच्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता. त्यांनी हाका मारल्या. जाड भिंती, बंद खिडक्या, रस्त्यावर कोणी नाही. मुलगी साडेपाचला घरी आली, तोवर त्या थंड फरशीवर साडेसहा तास पडून होत्या. इतका वेळ एकाच स्थितीत पडून राहिल्यास स्नायूंना इजा होते, त्यातून मूत्रपिंडांवर ताण येतो, शरीरातील पाणी आणि तापमान घटते. सुदैवाने चार दिवस रुग्णालयात राहून त्या सावरल्या.

त्यानंतर त्या कुटुंबाने जे केले, ते मला अनुकरणीय वाटते. फोन सदैव गळ्यातल्या पिशवीत. दुपारी एक वाजता मुलीचा ठरलेला फोन. आणि तिसरी गोष्ट, शेजारणीशी ओळख. शेजारच्या घरात ऐंशी ओलांडलेल्या एक डच बाई एकट्या राहत होत्या. रोज सकाळी एक परिचारिका त्यांच्याकडे येऊन पायाला घट्ट मोजे चढवून जात असे. दोन महिने दोघी एकमेकींना खिडकीतून पाहत होत्या, पण बोलणे नव्हते. मुलीने आईला घेऊन शेजारी वेळ मागितली, चहा झाला, आणि ठरले की रोज सकाळी नऊपर्यंत आपापल्या स्वयंपाकघराचा पडदा वर करायचा. तो दिसला नाही, तर घंटा वाजवायची. ही विनंती करायला आपण गेलो होतो, पण त्या बाईंनाच ती आपल्यासाठी अधिक हवी होती, असे मुलीने मला सांगितले. दोन्ही घरांनी एकमेकांची किल्ली ठेवून घेतली.

डच शेजारी न सांगता घरात येत नाहीत, आणि आपण न सांगता गेलेले त्यांना रुचत नाही. वेळ ठरवून भेटायचे, एवढीच रीत आहे. तिला तुटकपणा समजू नये. पहिल्याच आठवड्यात दोन्ही बाजूंच्या आणि समोरच्या घरी जाऊन नाव सांगावे, मुलाचा फोन क्रमांक द्यावा. त्या निर्जन वाटणाऱ्या रस्त्यावर माणसे आहेत आणि व्यवस्थाही आहे. तेथील रहिवाशांना घरपोच परिचर्या मूलभूत विम्यातून मिळते. २००६ मध्ये सुरू झालेल्या 'ब्यूर्टझोर्ग' या संस्थेत जास्तीत जास्त बारा परिचारिकांची छोटी पथके आपापल्या परिसरातील रुग्ण सांभाळतात. कोणाचे हृदय बंद पडले आणि ११२ ला फोन गेला, तर 'हार्टस्लाग-नू' या यंत्रणेतून जवळपासच्या प्रशिक्षित स्वयंसेवकांना मोबाइलवर संदेश जातो आणि रुग्णवाहिकेआधी शेजारचाच कोणी धावत येतो. परिसराचे समाजकेंद्र आणि सार्वजनिक वाचनालय येथे सकाळी कॉफीसाठी ज्येष्ठ जमतात. तोडक्यामोडक्या इंग्रजीवर काम भागते. आठवड्यातून दोन दिवस तरी अशी एक जागा ठरलेली असावी.

फोनवर विचारायचे सहा प्रश्न

मुलांनी घर पाहिले, असे कळताच हे प्रश्न विचारावेत. जिन्याला किती पायऱ्या आहेत आणि कठडा किती बाजूंना आहे? आम्ही झोपणार त्या मजल्यावर शौचालय आहे का? तळमजल्यावर अंथरूण घालता येईल का? दिवसभर घर १८ अंशांहून अधिक उबदार राहील ना? डॉक्टर आणि बसथांबा पायी किती मिनिटांवर आहेत? दिवसा आमच्या हाकेला ओ देईल, असे शेजारी कोण आहे?

मुले कामाच्या घाईत असतात. त्यांना हे प्रश्न सुचले नाहीत, तर त्यात उपेक्षा नसते. आईवडिलांनी ते विचारले, तर त्यात हट्ट नसतो. पुढच्या वेळी घराची छायाचित्रे आली, की बागेतली फुले अवश्य पाहा आणि मुलांना म्हणा, "छान आहे. आता जिन्याचा एक फोटो वरून आणि एक खालून काढून पाठव." ते दोन फोटो घेऊन दवाखान्यात या. गोळ्यांच्या यादीबरोबर तेही आपण पाहू.